‘पूर्वीचे दुखणे’: कोल्हापूरच्या कारखानदारांना एका निवृत्त टाइमकीपरचे खुले पत्र

प्रति,
शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत येथील फौंड्री व इंजिनिअरिंग कारखान्यांचे मालक आणि व्यवस्थापक यांस,

स. न. वि. वि.

मी २६ वर्षे आपल्यापैकीच एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली. हजेरी, ओव्हरटाइम आणि गेटपास ही कामे माझ्याकडे होतीच, त्यांच्याबरोबर अपघाताची नोंदवहीही माझ्याच टेबलावर असे. त्या वहीच्या शेवटच्या रकान्यात, ज्याला आम्ही ‘शेरा’ म्हणत असू, मी कितीतरी वेळा ‘पूर्वीचे दुखणे’ हे दोन शब्द लिहिले. तसे लिहिण्याची लेखी सूचना मला कधीच कोणी दिली नाही. आतून फोन येई, ‘त्याला आधीपासून शुगर आहे, तेवढं वहीत असू द्या,’ आणि मी ते एखादी साधी माहिती लिहावी तसे लिहून टाकी. निवृत्तीनंतर एका ओळखीच्या कामगाराच्या दाव्याच्या कामी कोर्टात गेलो असताना विमा कंपनीच्या वकिलांनी पुराव्यात दाखल केलेली एक छायाप्रत माझ्या पाहण्यात आली. अक्षर माझे होते. पत्र लिहायला बसलो ते त्या दिवसामुळे.

तो कामगार पोअरिंगवर, म्हणजे वितळलेले लोखंड साच्यात ओतण्याच्या कामावर होता, वय ४५. कास्टिंग ओतताना लॅडल (वितळलेले लोखंड ओतण्याचे भांडे) किंचित हेलकावली आणि सुमारे १,४०० अंश तापलेल्या लोखंडाचा एक शिंतोडा त्याच्या बुटात शिरला. लेग गार्ड त्याने लावले नव्हते, कारण असलेल्या दोन जोड्या दुसऱ्या भट्टीवर गेल्या होत्या. वहीत मी ‘उजव्या पायास किरकोळ भाजले’ असे लिहिले आणि शेऱ्यात ‘पूर्वीचे दुखणे (मधुमेह)’. भाजलेले खरोखरच रुपयाएवढे होते. ज्या माणसाची साखर ताब्यात असते त्याची तेवढी जखम पंधरा-वीस दिवसांत भरली असती. पण जुन्या मधुमेहाने पायाची संवेदना मंदावलेली असते आणि रक्तपुरवठाही कमी झालेला असतो, त्यामुळे जखम चिघळली तरी दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस कामावर येत राहतो. पाच आठवड्यांनी त्याची दोन बोटे काढावी लागली आणि त्यानंतर पावलाचा पुढचा भाग. विमा कंपनीचे म्हणणे एका ओळीचे होते: पाऊल मधुमेहाने गेले, कामाने नव्हे, आणि खुद्द कारखान्याच्या नोंदीतच तसे लिहिलेले आहे.

मला आपल्याला एकच प्रश्न विचारायचा आहे. लोखंडाचा तो शिंतोडा बुटात गेला नसता तर त्या महिन्यात त्याचे पाऊल कापावे लागले असते का?

कायद्याची भाषा आपल्यापैकी अनेकांना माझ्याहून अधिक ठाऊक असेल, तरी ती पुन्हा एकदा पाहू. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या कलम ३ प्रमाणे, नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात घडलेल्या अपघाताने कर्मचाऱ्याला इजा झाली तर मालक भरपाईला जबाबदार असे (यापुढे कलमे दिली आहेत ती, वेगळे सांगितले नसेल तेथे, याच कायद्याची). २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या आणि त्या कायद्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या प्रकरणातही हीच कसोटी कायम आहे, म्हणून तिच्यावर गेल्या शंभर वर्षांत झालेला विचार आजही उपयोगाचा आहे. त्या वाक्यात ‘निरोगी कर्मचाऱ्याला’ असे कोठेही म्हटलेले नाही. इजा मृत्यूपर्यंत वा कायमच्या संपूर्ण अपंगत्वापर्यंत गेली नसेल, तर दारूच्या किंवा नशेच्या अंमलाखाली असणे, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणे, सुरक्षेचे साधन हेतुपुरस्सर काढून टाकणे अशा कारणांनी मालकाला सूट मिळते, आणि ही सूट कायद्याने नावानिशी सांगितलेली आहे. आजारी असणे त्या यादीत नाही.

हा मुद्दा नवा नाही. १९१० साली ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे एका कामगाराचे प्रकरण आले होते. पान्याने नट आवळताना त्याच्या छातीतील महाधमनीचा फुगा फुटला आणि तो गेला. रोग इतका पुढे गेलेला होता की झोपेतही तो फुगा फुटू शकला असता, असे डॉक्टरांचे मत पडले. तरीही बहुमताने तो अपघातच ठरला, कारण नट आवळण्याचा ताण त्या मृत्यूला हातभार लावून गेला होता. न्यायालयाने विचारले ते एवढेच की माणूस केवळ रोगाने गेला, की रोग आणि काम या दोघांनी मिळून गेला. आपल्याकडे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या काळात मुंबई उच्च न्यायालयाने मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका पहारेकऱ्याच्या प्रकरणात तोच मार्ग धरला. पहारेकऱ्याला हृदयविकार होता हे न्यायालयाने मान्य केले आणि मान्य करूनच सांगितले की नोकरी हे मृत्यूला हातभार लावणारे कारण असेल, किंवा तिने मृत्यू लवकर ओढवून आणला असेल, तर मालकाची जबाबदारी येते. हा निकाल १९५४ च्या ऑल इंडिया रिपोर्टर या निकालसंग्रहात छापलेला आहे. म्हणजे ज्या गोष्टीवर आपले वकील आजही हिरीरीने भांडतात, ती आपल्याच उच्च न्यायालयाने सत्तर वर्षांपूर्वी निकाली काढलेली आहे.

याचा अर्थ कामाच्या वेळेत काहीही झाले की भरपाई असा होत नाही, आणि तसा दावा करणाऱ्या कामगारांना मी स्वतः परत पाठवलेले आहे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हृदयविकाराने गेलेल्या एका मालवाहू गाडीवरच्या क्लीनरच्या प्रकरणात भरपाई नाकारली, कारण कामाचा ताण आणि मृत्यू यांचा संबंध पुराव्याने जोडला गेला नव्हता. उलट डिसेंबर २०१२ मध्ये त्याच न्यायालयाने लांबच्या प्रवासात प्रकृती बिघडून गेलेल्या एका ट्रकचालकाच्या वारसांचा हक्क मान्य केला, कारण सलग ट्रक चालवण्याचा ताण तेथे समोर होता. दोन्ही निकाल एकत्र वाचले की ध्यानात येते की सारा भार पुराव्यावर आहे: त्या दिवशी, त्या तासाला माणूस नेमके काय करत होता. आणि हा पुरावा ज्या वहीत राहायला हवा, ती वही आपल्या ताब्यात असते. मी शेऱ्यात दोन शब्द लिहिले तेव्हा लॅडलचे वजन, तिचा हेलकावा आणि लेग गार्डचा अभाव यांपैकी एकही गोष्ट वहीत आली नाही. आला तो फक्त मधुमेह.

(कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या कामगाराचा दावा वेगळ्या वाटेने जातो. १९४८ च्या त्या कायद्यात कलम ५१ए होते, आणि त्यानुसार नोकरीच्या ओघात घडलेला अपघात, विरुद्ध पुरावा नसेल तर, नोकरीमुळेच घडला असे गृहीत धरले जाई. पण महिना २१,००० रुपयांहून अधिक वेतन असलेले कुशल मोल्डर आणि फिटर त्या योजनेबाहेर राहतात, आणि ज्यांची नावे कंत्राटदाराने कधी नोंदवलीच नाहीत त्यांना तिचा लाभ मिळवताना नाकी नऊ येतात. हे पत्र मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.)

आता कंबरेकडे वळतो, कारण शिरोलीच्या वसाहतीत सर्वाधिक वाद कंबरेवरून होतात. फेटलिंगवर (कास्टिंग घासून साफ करण्याच्या कामावर) वाकून ग्राइंडर धरणारा, नॉकआउटवर साचे फोडणारा, कोअर बॉक्स (साच्यातला गाभा बनवण्याची पेटी) उचलणारा माणूस एके दिवशी कास्टिंग उचलताना ‘कट्’ असा आवाज ऐकतो आणि खाली बसतो. एमआरआय होतो. अहवालात ‘झीज’ हा शब्द येतो आणि तेथेच प्रकरण संपल्यासारखे सगळे बोलू लागतात. त्या शब्दाचे वजन किती हे एकदा तपासून पाहावे. ज्यांना अजिबात कंबरदुखी नाही अशा ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात मणक्यांमधील चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत दिसली आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत. ही सगळी माणसे चालत-फिरत होती आणि त्यांची काहीच तक्रार नव्हती. तेव्हा चाळिशीतल्या कामगाराच्या मणक्यात झीज सापडणे म्हणजे त्याच्या डोक्यात पांढरा केस सापडण्यासारखे आहे. आदल्या दिवशीपर्यंत तो पूर्ण पाळी भरत होता आणि त्या दिवसानंतर भरू शकला नाही, हा फरक कशाने पडला याचे उत्तर फिल्ममध्ये नसते.

आपल्या भागात या वादाला आणखी एक रंग असतो. कामगार राधानगरी, कागल किंवा पन्हाळा भागातल्या खेड्यातून येतो, घरी अर्धा एकर ऊस आणि दोन म्हशी असतात, आणि उलटतपासणीत त्याला हमखास विचारले जाते की पहिल्या पाळीला येण्याआधी वैरणीचा भारा कोण उचलतो. एका तरुणाला तर त्याच्या तालमीवरून छेडले होते. लाल मातीत चार वर्षे घालवली म्हणजे गुडघा तिथेच गेला असणार, असा सारा रोख. तो बिचारा अभिमानाने ‘होय, मी खेळत होतो’ म्हणाला आणि त्याचा वकील कपाळाला हात लावून बसला. मला मात्र वाटते की त्या उत्तरात त्याचे काहीच बिघडले नव्हते. कुस्तीने गुडघा अधू झाला असेल असे क्षणभर मानू. तो अधू गुडघा घेऊनच त्याने आपल्याकडे सहा वर्षे काम केले, आपण ते करून घेतले, त्याच गुडघ्यावर ओव्हरटाइमही घेतला. मग प्लॅटफॉर्मच्या तेलकट पायरीवरून तो घसरला आणि गुडघा कायमचा गेला. सहा वर्षे जो गुडघा आपल्याला चालला, तो पायरीवरून घसरल्याच्या दिवसापासूनच ‘आधीचा’ कसा काय ठरला?

वजाबाकीचा एक प्रकार अलीकडे अधिक दिसतो. दावा सरळ नाकारायचा नाही, पण डॉक्टरांकडून अर्धे अपंगत्व जुन्या आजाराच्या खाती टाकून घ्यायचे. आकडे मांडून पाहू. १९२३ च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत ४५ वर्षे वयाचा गुणक, म्हणजे भरपाईच्या हिशेबासाठी वयानुसार ठरवलेला आकडा, १६९.४४ आहे. वेतन कितीही जास्त असले तरी हिशेबाला ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार महिना १५,००० रुपयेच धरायचे. त्याच्या ६० टक्क्यांना गुणकाने गुणले की संपूर्ण अपंगत्वाची रक्कम १५,२४,९६० रुपये येते. कमाईची क्षमता ४० टक्के गेली असे ठरले तर कामगाराला ६,०९,९८४ रुपये मिळायला हवेत. ‘निम्मे मधुमेहामुळे’ या एका वाक्याने त्यांचे ३,०४,९९२ होतात. या वजाबाकीला कायद्यात आधार नाही. वाढलेल्या इजेचा विचार कायद्याने जेथे केला ते कलम ११ आहे. कामगाराने नियमित उपचार घेतले नाहीत किंवा डॉक्टरांच्या सूचना मुद्दाम पाळल्या नाहीत, तसे वागणे त्या परिस्थितीत अवाजवी होते आणि त्यामुळेच इजा बळावली, हे सगळे सिद्ध झाले तर भरपाई योग्य उपचाराने जितके अपंगत्व राहिले असते तितक्याचीच. म्हणजे जेथे वजाबाकी करायची होती तेथे कायदा करणाऱ्यांनी ती स्पष्ट शब्दांत केली, आणि तीही कामगाराच्या अवाजवी हलगर्जीपुरती. त्याच्या शरीराच्या आधीच्या अवस्थेपुरती ती केली नाही.

उलट, अनुसूची बारकाईने वाचणाऱ्याला एक सूचक गोष्ट दिसेल. पहिल्या अनुसूचीत एक डोळा गमावल्यास कमाईच्या क्षमतेची हानी ४० टक्के धरली आहे, पण तेथे ‘दुसरा डोळा चांगला असताना’ अशी अट घातलेली आहे. दृष्टीवाचून करता न येणारे कोणतेही काम करता येणार नाही इतकी नजर गेली, तर तीच अनुसूची हानी १०० टक्के धरते. लहानपणी देवी येऊन एक डोळा गेलेल्या ग्राइंडरच्या उरलेल्या डोळ्यात ठिणगी गेली तर त्याचे नुकसान दोन डोळ्यांच्या माणसापेक्षा मोठे असते, हे अनुसूची करणाऱ्यांना कळत होते. कमतरता आधीपासून असेल तर इजेची किंमत वाढते. आपण मात्र ती कमी करू पाहतो.

विमा कंपन्यांविषयी दोन शब्द. आपण हप्ता भरता, दावा आला की फाइल त्यांच्याकडे जाते आणि पुढे काय युक्तिवाद झाला हे आपल्याला बहुधा कळतही नाही, हे मला मान्य आहे. पण युक्तिवादाचे साहित्य आपल्या टाइम ऑफिसातून जाते. शिवाय रक्कम देय झाल्यापासून एक महिन्यात दिली नाही तर कलम ४ए प्रमाणे १२ टक्के व्याज आणि योग्य कारण नसल्यास मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड लागतो, आणि विमा कंपन्या हा दंड मालकाच्याच अंगावर टाकतात. जुन्या आजाराचा मुद्दा लढवून चार वर्षे काढली तर त्या चार वर्षांचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, ते एकदा आपल्या सीएंना विचारावे.

आणखी एक रीत बंद व्हायला हवी. पन्नास हजार रुपये हातावर ठेवून शंभराच्या स्टॅम्प पेपरवर ‘मला पूर्वीपासून सदर आजार असून माझी कंपनीविरुद्ध कोणतीही तक्रार नाही’ असे लिहून घेण्याची. कलम १७ प्रमाणे भरपाईचा हक्क सोडून देणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल असतो आणि कलम २८ प्रमाणे तडजोडीच्या करारनाम्याची अशा दाव्यांचा निवाडा करणाऱ्या आयुक्तांकडे नोंद व्हावी लागते. म्हणजे तो कागद आपल्याला वाचवत नाही. पण तो लिहून देणारा बिहारमधून किंवा ओडिशातून आलेला कंत्राटी कामगार त्याला घाबरतो, गावी निघून जातो आणि दाव्याची दोन वर्षांची मुदत टळते. कंत्राटदाराच्या कामगारासाठी मुख्य मालकही कलम १२ प्रमाणे जबाबदार असतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. २०१७ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १७ए प्रमाणे, कामावर घेतानाच भरपाईच्या हक्काची माहिती त्याला समजेल अशा भाषेत लेखी देणे हे मालकाचे कर्तव्य झाले होते. माझ्या शेवटच्या दोन वर्षांच्या नोकरीत असे एकही पत्र माझ्या टेबलावरून गेले नाही.

नव्या कामगार संहिता लागू करताना सरकारने चाळिशीपुढच्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी जाहीर केली. चांगली गोष्ट आहे, पण मला तिच्यात एक धोका दिसतो. साखर, रक्तदाब, छातीचा एक्स-रे, ऐकण्याची क्षमता, सगळे आता दरवर्षी आपल्या फाइलला लागेल. ज्याची साखर २८० आली त्याला पोअरिंगवरून काढून डिस्पॅचला नेले, तर तपासणीचे सार्थक झाले. त्याला तेथेच ठेवले आणि पाय भाजल्यावर तोच अहवाल आयुक्तांपुढे ठेवला, तर तपासणी कामगाराविरुद्धचा पुरावा ठरेल. माझ्या मते तेव्हा तो अहवाल आपल्याच विरुद्ध बोलेल, कारण धोका ठाऊक असूनही आपण त्याला लॅडलजवळ उभे केले हे त्यातून सिद्ध होईल.

म्हणून विनंती अशी. अपघाताच्या वहीतून आजाराचा शेरा काढून टाकावा आणि त्याऐवजी काय उचलले, त्याचे वजन किती, किती उंचीवरून, कितव्या तासाला, सोबत कोण होते आणि कोणते संरक्षक साधन होते वा नव्हते हे लिहून, शक्य तर कामगाराच्या भाषेत वाचून दाखवून त्याची सही घ्यावी. निदान करणे टाइमकीपरचे काम नाही. अपघाताची सूचना मिळाल्यावर तीन दिवसांत मोफत वैद्यकीय तपासणी करून घेण्याची मुभा कलम ११ मालकाला देते, ती जरूर वापरावी. पण डॉक्टरांना पाठवताना ‘याला आधी काय होते?’ एवढेच विचारू नये. ‘या घटनेने याच्या आधीच्या स्थितीत काय फरक पडला, आणि हा पूर्वीचे काम आता करू शकेल का?’ असे विचारावे. हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोपराच्या वर डावा हात गमावलेल्या एका सुताराचे अपंगत्व संपूर्ण मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. आमच्या पोअरिंगवाल्याचा दावा पावलाच्या टक्क्यांवर अडून राहिला, आणि अर्ध्या पावलावर उभे राहून कोणी लॅडल पेलू शकेल का, हे त्याच्या डॉक्टरांना कोणीच विचारले नाही.

त्याचे प्रकरण अजून चालू आहे. पुढच्या तारखेला मी साक्षीदार म्हणून उभा राहणार आहे आणि शेऱ्यातले ते दोन शब्द कोणाच्या सांगण्यावरून लिहिले हे विचारले गेल्यास खरे ते सांगणार आहे. नव्या नोंदवहीच्या पानाचा एक नमुना मी तयार केला आहे. आपल्यापैकी ज्यांना तो हवा असेल त्यांच्या टाइम ऑफिसात येऊन, तेथील मुलांसोबत बसून, तो भरून दाखवायला मी तयार आहे. फक्त पहिल्या पाळीची वेळ द्यावी, संध्याकाळी मला आता नीट दिसत नाही.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त टाइमकीपर
कोल्हापूर